ट्रम्पेटसाठी आठ सह्या

शहर निवडणं हे लग्न जमवण्यापेक्षा सोपं काम आहे, अशी फोल्कमार एननची समजूत होती. लग्नात समोरच्या बाजूलाही काही मत असतं. शहराला कुठलं मत आलंय? पण शहरालाही मत असतं आणि ट्रम्पेटवाल्यांबद्दल तर ते फारसं चांगलं नसतं, हे त्याला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळायचं होतं.

तो ज्या गावच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात बावीस वर्षं दुसरा ट्रम्पेट वाजवत होता, तो वाद्यवृंद नगरपालिकेने बंद केला. निरोपसमारंभ मात्र झकास झाला. महापौरबाई रडल्यासुद्धा. ज्यांना निरोप द्यायचा त्यांनाच वाजवायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून शेजारच्या गावाहून खास बँड मागवला होता. फोल्कमार पहिल्या रांगेत, हातात फुलांचा गुच्छ धरून, त्या बँडचा ट्रम्पेटवाला किती बेसूर वाजवतो ते ऐकत बसला. संपूर्ण समारंभात त्याला तेवढंच समाधान मिळालं.

घरी आल्यावर त्याची बायको फ्राउके म्हणाली, "हे बघ, पाठी सगळीकडे दुखतात. मला कुठल्याही शहरात काम मिळेल." ती फिजिओथेरपिस्ट होती. "तुला जिथे वाजवायला मिळेल ते शहर निवड. मी सामान बांधायला घेते."

सांगितल्याप्रमाणे तिने खरंच बांधायला घेतलं, आणि हीच पंचाईत झाली. शहर ठरायच्या आत काचसामान खोक्यात गेलं, आणि पुढचे कित्येक महिने एनन कुटुंब दोनच कपांत कॉफी प्यायलं.

फोल्कमारने स्वयंपाकघरात जर्मनीचा नकाशा लावला. आठवड्याभरात सगळ्या गल्लीला बातमी लागली, आणि माणसं काही ना काही निमित्त काढून नकाशा बघायला येऊ लागली. समोरच्या डिर्क्सनबाईंनी तर खुर्ची ओढून नकाशापुढे ठाणच मांडलं. "हँबुर्ग," त्या म्हणाल्या. "माझा भाचा आहे तिथे. सोन्यासारखं शहर."

"भाचा संगीतात आहे?"

"छे! तो बंदरात क्रेन चालवतो. पण म्हणतो, शहर सुंदर आहे. वरून."

वाद्यवृंदात इतकी वर्षं त्याच्या पुढच्या रांगेत बसून बसून वाजवणारा गेर्नोट लाइपझिगच्या बाजूने होता. बसून म्हणजे ते लांबलचक लाकडी वाद्य; गेर्नोट बसून वाजवायचा हे खरं असलं तरी ती गोष्ट वेगळी. "लाइपझिगमध्ये रस्त्यात दगड भिरकावला तर तो वादकालाच लागतो," गेर्नोट म्हणाला.

"मग तिथे मला काम कोण देणार?"

गेर्नोटने जरा विचार केला. "ते मी बघितलं नाही. मी सल्ला शहराबद्दल देतोय, कामाबद्दल नाही."

आधी हँबुर्ग झालं. तिथे एका दोन खोल्यांच्या घरासाठी रांग रस्त्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली होती. फोल्कमार दीड तास पायऱ्या चढत होता, दर दोन मिनिटांनी एक. शेवटी दलालबाईंनी अर्जावरचा व्यवसायाचा रकाना वाचला आणि विचारलं, "वादक. कुठलं वाद्य?"

"ट्रम्पेट," फोल्कमार म्हणाला. तो सरळ माणूस होता. बाईंनी अर्जाची घडी घातली. ज्या हळुवारपणे घातली, तशी घडी लोक शोकसंदेशाच्या कागदाची घालतात. मागच्या माणसाने तर वाटच पाहिली नाही, तो त्याच्या पायरीवर येऊनही उभा राहिला. पुढच्या घरी फोल्कमारने "बासरी" असं सांगून पाहिलं. पण हातात ट्रम्पेटची पेटी होती, आणि दुर्दैवाने त्या घरमालकाचा मेहुणा ट्रम्पेटवाला निघाला.

मग कोलोन. तिथे काम होतं. कार्निव्हलच्या मिरवणुकीत सहा दिवस, लोणच्याच्या काकडीचा वेष घालून. "तोंडासाठी भोक ठेवलंय," व्यवस्थापकाने आधीच सांगून ठेवलं. भोक होतंच, पण ते काकडी शिवणाऱ्याच्या तोंडासमोर येणारं होतं, आणि तो फोल्कमारपेक्षा बराच उंच असावा. सहा दिवस फोल्कमार काकडीच्या आत चवड्यांवर उभा राहून वाजवत होता. सातव्या दिवशी त्याला मोबदला मिळाला, पोटऱ्यांत गोळे आले, आणि हे शहर आपलं नव्हे एवढं कळलं.

लाइपझिगमध्ये बदली वादकांच्या यादीसाठी चाचणी होती. ओळीने अकरा ट्रम्पेटवाले बसले होते, सगळे चोविशीच्या आतबाहेरचे, गालांवर लाली असलेले. फोल्कमार दिसताच एक मुलगी चटकन उठून उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "सर, परीक्षकांची खोली त्या बाजूला आहे."

तो त्या बाजूला गेलाही. सरळ चालत राहिला आणि तसाच स्टेशनवर पोचला. हे त्याने फ्राउकेला पुष्कळ दिवस सांगितलं नाही.

त्यातच रोजगार कार्यालयाचं पत्र आलं. जर्मन भाषेत ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं वाजवणाऱ्याला जो शब्द आहे, त्यात "पत्रा" हा शब्द दडलेला आहे. कार्यालयातल्या कुणीतरी नेमका तेवढाच वाचला आणि त्याला हवेचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात मुलाखतीला पाठवलं. न जावं तर भत्ता बंद. फोल्कमार कोट घालून गेला. फोरमनने त्याचे हात पाहिले, मग कागद पाहिला. "बावीस वर्षं पत्र्याचा अनुभव?"

"फुंकायचा," फोल्कमार म्हणाला.

फोरमन चांगला माणूस होता. त्याने चहा पाजला. निघताना म्हणाला, "माझी मुलगी व्हायोलिन शिकते. तिला सांगू का, की तुम्ही इथे आला होतात?" आणि फोल्कमारने नको म्हणून सांगितलं.

शेवटी हॅनोव्हरवर बोट ठेवलं ते फ्राउकेने. नकाशावर सगळे रूळ तिथे येऊन मिळत होते. "हे बघ. इथून हँबुर्ग, बर्लिन, कोलोन, कुठेही तीन तासांच्या आत. जिथे बोलावतील तिथे जा."

हॅनोव्हरबद्दल कुणीही काहीही बोललं नव्हतं. डिर्क्सनबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हॅनोव्हर? तिथे मी एकदा गाडी बदलली होती." गेर्नोटनेही गाडीच बदलली होती. एवढ्या शहरांत हे एकच असं निघालं, ज्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फोल्कमारला ते आपल्यासारखंच वाटलं.

आता हॅनोव्हरमधली गंमत ऐका. तिथल्या एका नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, "यादीत घालते तुम्हाला. पण शहरात राहणाराच वादक लागतो. पाच वाजता कुणी आजारी पडला, तर सातला खुर्चीत माणूस हवा. पत्त्याचा दाखला आणा." घरमालक म्हणत, कामाचा दाखला आणा. पत्त्याशिवाय काम नाही आणि कामाशिवाय पत्ता नाही. या दोन कागदांच्या मध्ये फोल्कमार सात आठवडे येरझाऱ्या घालत होता. शेवटी फ्राउकेला एका दवाखान्यात नोकरी लागली आणि ओल्टमन नावाचे एक घरमालक तिच्या दाखल्यावर राजी झाले. चौथा मजला, स्वयंपाकघरात ऊन, जवळच ट्राम.

"पण ट्रम्पेटचं काय?" ओल्टमनसाहेब म्हणाले. "घर जुनं आहे. इथे दुसऱ्या मजल्यावर कुणी शिंकलं तर पहिल्या मजल्यावरून आरोग्य चिंततात. दिवसाला दोन तास, दहा ते बारा, वाजवा, माझी ना नाही. पण आठही बिऱ्हाडांच्या सह्या आणा. एक जरी कमी पडली, तरी वाद्य पेटीत."

एका शनिवारी फोल्कमार कागद घेऊन दारोदार फिरला. एका निवृत्त शिक्षिकेने आधी अर्जातल्या तीन चुका दुरुस्त केल्या, मगच सही केली. एकाने साखळी न काढता दाराच्या फटीतून हात बाहेर काढून सही केली. तो हात कुणाचा, हे फोल्कमारला आजतागायत ठाऊक नाही. एका बाईची अट होती, दुःखी काही वाजवायचं नाही. दुपारपर्यंत सात सह्या झाल्या. राहिलं तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड, बरोबर त्याच्या खालचं.

दार उघडलं ते ऐंशीच्या घरातल्या एका सडपातळ म्हाताऱ्याने. पाटीवर टीमान असं नाव होतं. "हळू बोला," तो कुजबुजला. "हेडविग झोपली आहे. माझी बायको."

फोल्कमारने कुजबुजत सगळं सांगितलं. कुजबुजत ट्रम्पेटबद्दल बोलणं अवघड असतं. टीमान आजोबांनी कागद नीट, शेवटपर्यंत वाचला.

"डॉक्टर म्हणतात, दोन महिने," ते म्हणाले. "फार तर अडीच. ती गेली की सही करतो. मग हवं तेवढं वाजवा."

आवाजात राग नव्हता. दुकानदार माल पुढच्या आठवड्यात येईल म्हणून सांगतो, तसं ते बोलले. मग कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि दार लावलं, आवाज न करता.

"मग तू काय म्हणालास?" फ्राउकेने विचारलं.

"धन्यवाद म्हणालो."

"धन्यवाद?"

"मग काय म्हणणार? आणि म्हणालो, काही घाई नाही."

फ्राउकेने खोक्यातून तिसरा कप काढला, पुसला आणि पुन्हा आत ठेवला.

ते राहायला आले. फ्राउकेची नोकरी पहिल्या तारखेपासून होती आणि पत्त्याचा दाखला तर हवाच होता. नाव यादीत लागलं, पण ट्रम्पेट पेटीत राहिला. घरात दोघं मोज्यांवर चालत. खुर्च्यांच्या पायांना फ्राउकेने नमद्याचे तुकडे चिकटवले. ओल्टमनसाहेबांचा दर पंधरवड्याने फोन येई. "काय एनन, काही प्रगती?"

आता प्रगती म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि यालाही. सभ्य माणसाने अशा प्रश्नाचं उत्तर कसं द्यावं, याचे धडे शाळेत देत नाहीत. "आहे तसंच आहे," फोल्कमार म्हणे, आणि फोन ठेवल्यावर आपण जरा निराश होऊन बोललो का, याचा विचार करत बसे. जिन्यात कुणी भेटलं की टीमानबाईंची चौकशी निघे. बाकीच्यांनी विचारलं तर ती आपुलकी. याने विचारलं की सगळे आपापल्या किल्ल्या शोधू लागत. एकदा त्याने त्यांच्यासाठी फुलं आणली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला ती फुलं वेगळीच दिसायला लागली, आणि तो ती घेऊन वर निघून आला.

सरावाला मग कालव्याकाठचा एक पूल सापडला. वरून मालगाड्या जायच्या, खाली कोरडं असायचं. पहिल्याच दिवशी खांबामागून झोपायच्या पिशवीतून एक दाढीवाला बाहेर आला.

"मी इथे राहतो," तो म्हणाला. "तुमच्या आधीपासून."

"माफ करा."

"वाजवा. पण दुपारी एक ते तीन नाही. विश्रांतीची वेळ असते."

पुलाखालीसुद्धा घराचे नियम होते. फोल्कमारने ते मुकाट पाळले. जानेवारीत मात्र वाद्याचं तोंड ओठाला गारठून चिकटायला लागलं. ओठ फुटले. ट्रम्पेटवाल्याचा ओठ म्हणजे पोटापाण्याचं साधन. रोज त्याला थोडं थोडं कामाला लावावं लागतं, नाही तर तो आळसावतो, आणि या वयात आळसावलेला ओठ सहजी उठत नाही. फोल्कमार आठवड्यातून दोनदाच जाऊ लागला. मग एकदा.

दोन महिने उलटले. अडीच उलटले. पाच झाले. टीमानबाई होत्याच. एके दिवशी जिन्यात टीमान आजोबांनी त्याची बाही धरली. त्यांच्या हातात औषधांची पिशवी होती. ओशाळून ते म्हणाले, "तुम्हाला थांबावं लागतंय. मला फार वाईट वाटतं हो. असं होईल असं वाटलं नव्हतं."

"अहो, नाही, असं नका बोलू," फोल्कमार म्हणाला, आणि मग काहीतरी म्हणायचं म्हणून त्याने विचारलं, "सूप चालतं का त्यांना?" तेव्हापासून फ्राउके गुरुवारी सूप पाठवू लागली.

मार्चमध्ये आजोबा वर आले. "हेडविगला तुम्हाला बघायचंय."

खिडकीशी पलंग होता. टीमानबाई उशांना टेकून बसल्या होत्या. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे मात्र मांजरासारखे टवटवीत. "या," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबलेले गृहस्थ ते तुम्हीच का?"

फोल्कमारच्या कानांपर्यंत रक्त चढलं. "बाई, मी... तसं काही..."

"बसा. लाजू नका. या वयात आपल्यासाठी कुणी थांबतं का?" त्या हसल्या, मग खोकल्या. "तुम्ही मोज्यांवर चालता ना? वर आधी होता तो बूट घालून धाडधाड चालायचा. तेव्हा वाटायचं, वर माणूस आहे. आता तुम्ही इतकं जपता की मला वाटतं, मी आधीच गेलेय. अल्बर्ट, तो कागद आण."

"नाही," टीमान आजोबा म्हणाले.

"आण म्हणते ना."

"नाही म्हटलं ना!" ते ओरडले. त्या घरात तेवढा मोठा आवाज पुष्कळ दिवसांत झाला नसावा. त्यांनाच त्याचा धक्का बसला. मग खाली बघत, हळू आवाजात म्हणाले, "तू झोपतेस तेव्हा मी तुझा श्वास ऐकतो. स्वयंपाकघरातून ऐकतो, बाथरूममधून ऐकतो. वर ते भोंगं सुरू झालं तर मला ऐकू कसं येणार? मला कळणार कसं?"

खाली ट्राम वळण घेत होती, ती पूर्ण वळली.

"मला खरंच घाई नाही," फोल्कमार म्हणाला, आणि आपण हे मनापासून बोलतोय हे जाणवून तो स्वतःच चकित झाला.

टीमानबाईंनी मात्र ऐकलं नाही. त्यांनी नवऱ्याच्या जाकिटाच्या खिशाकडे नुसतं बोट दाखवलं आणि हात पुढे करून ठेवला. तो हात मागे जाईना, तसा आजोबांनी कागद दिला. सही करायला बाईंना बराच वेळ लागला. आजोबा खिडकीबाहेर बघत होते.

सह्या आठ झाल्या. ओल्टमनसाहेबांनी कागदावर शिक्का मारला, वर अभिनंदनही केलं. नियमाप्रमाणे फोल्कमार एनन दुसऱ्या दिवसापासून दहा ते बारा ट्रम्पेट वाजवू शकत होता.

तो वाजवत नव्हता.

"सही आहे, शिक्का आहे, आता काय राहिलं?" फ्राउकेने विचारलं.

"खाली ऐकू जातं."

"त्यांनीच तर सही केली."

"त्यांना नाही गं. आजोबांना ऐकायचं असतं."

त्या शनिवारी फ्राउकेने गाडी काढली आणि त्याला गावाबाहेर बिटाच्या एका उघड्या शेतापर्यंत नेलं. तो वाजवत असताना ती गाडीत काचा बंद करून बसली. पण आठवड्यातून एकदा बिटाच्या शेतात वाजवून ओठ परत येत नाहीत.

एप्रिलच्या एका संध्याकाळी पाच वाजता नाट्यगृहातून फोन आला. कुणीतरी आजारी पडलं होतं. सातला फोल्कमार खुर्चीत होता, काळ्या कोटात, अगदी वेळेवर. एवढ्याचसाठी तर हे सगळं शहर निवडलं होतं. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात ओठ जड झाले. तिसऱ्यात ट्रम्पेट एकटाच उरतो अशी एक जागा होती, चारच सुरांची. तिसरा सूर फाटला. चौथा आलाच नाही. नुसती हवा गेली, फुगा सोडल्यासारखी. वाद्यवृंद चालवणारे गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी फक्त क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, जसं चुकीच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाकडे बघतात, आणि पान उलटलं. त्यानंतर फोन आला नाही.

जूनमध्ये एका सकाळी खालून रेडिओ ऐकू आला. मोठ्याने, बातम्या, मग हवामान, मग कुठलीशी पोलका नाचाची धून. फ्राउकेने हातातला कप खाली ठेवला. राहायला आल्यापासून त्या घरातून कधी रेडिओ ऐकू आला नव्हता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पायांत बूट घालून ती दोघं खाली गेली.

टीमानबाईंच्या अंत्यविधीला इमारतीतली सगळी माणसं होती. फटीतून सही करणारा हातही त्यात कुठेतरी असणार. फोल्कमारला कुणी वाजवायला सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. आता प्रश्न असा, की शेजारची बाई गेल्यावर ट्रम्पेटवाल्याने किती दिवस थांबावं? या देशात कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या किती वाजता बाहेर ठेवाव्यात याचाही नियम आहे. पण हे सांगणारं कार्यालय नाही. फोल्कमार आठ दिवस थांबला. नवव्या दिवशी नाट्यगृहाचं पत्र आलं: बदली वादकांची यादी लहान करत आहोत, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

त्याने पत्र दोनदा वाचलं आणि फ्राउकेकडे दिलं. तिची त्या दिवशी सुट्टी होती. तिने ते एकदाच वाचलं.

"मग आता?" ती म्हणाली. "नकाशा काढू? माळ्यावर आहे."

फोल्कमारने माळ्याकडे पाहिलं. कुठलं शहर आता? कुठल्या जिन्यात जाऊन, कुठल्या बाईला सांगायचं की मी वादक आहे? सत्तेचाळीसचा अठ्ठेचाळीस झाला होता. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. ते घर खरोखरच चांगलं होतं.

तेवढ्यात पायांखालची जमीन ठोकली गेली. ठक, ठक, ठक. झाडूच्या दांड्याने. खालचा माणूस वरच्या वादकाला जसा ठोकतो, अगदी तसं. फोल्कमार दचकून उभा राहिला. "मी तर काहीच केलं नाही!" तो म्हणाला. इतक्या महिन्यांत त्या घरात त्याने एक सूर काढला नव्हता आणि आता तक्रार!

तो खाली गेला. टीमान आजोबा दारातच उभे होते, हातात झाडू, दाढी वाढलेली.

"साडेदहा वाजले," ते म्हणाले. "कागदावर दहा लिहिलंय. मी रोज दहा वाजल्यापासून बसतो. वाद्य बिघडलंय का तुमचं?"

"नाही, पण... आजोबा, माझे ओठ गेलेत. गाणंबिणं काही येणार नाही. नुसते लांब लांब सूर, तेही फाटके. ऐकवणार नाही तुम्हाला."

"मला रेडिओ ऐकवत नाही," आजोबा म्हणाले. "त्यात सगळे फार छान बोलतात." त्यांनी झाडू दाराला टेकवला, तो घसरून पडला, तरी उचलला नाही. "वर माणूस आहे एवढं कळलं म्हणजे झालं. जा."

फोल्कमार वर आला. ट्रम्पेट पेटीतून काढला, हातात धरून गरम केला. पहिला सूर लावला तो थरथरला, मध्येच तुटला, आणि एखादं दार करकरावं तसा पुन्हा सुरू झाला. फ्राउके उठली. तिने कोपऱ्यातलं शेवटचं खोकं ओढलं, दोरी कापली आणि आतले कप एकेक करून फळीवर मांडायला लागली.